चिपमध्ये आहे, मग हातात का नाही?

2012 साली इंटेलने आयव्ही ब्रिज या पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले. त्यांत चार नव्या इन्स्ट्रक्शन होत्या, वरवर पाहता अगदी किरकोळ. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामला मात्र त्या वापरायची मुभा मिळाली 2020 च्या ऑक्टोबरात, कर्नलची 5.9 ही आवृत्ती आली तेव्हा. पैसे मोजून घेतलेली गोष्ट आठ वर्षं ग्राहकाच्याच यंत्रात पडून राहिली.

ही आठ वर्षं सावधगिरीची की दिरंगाईची? हातातला अँड्रॉइड फोन आणि जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या कर्नलवर चालतात, त्याच्याबद्दलचा हा प्रश्न आहे. म्हणून तो फक्त प्रोग्रामर मंडळींचा आहे असं मला वाटत नाही. त्यांच्यात मात्र यावरून सरळ दोन तट पडतात. ते दोन तट मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. आत्याचं आयुष्य सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये गेलं. भाची मुक्ता डेटाबेसचं इंजिन लिहिते आणि तिला एकेक मायक्रोसेकंद हवा असतो. दोघी हुशार आहेत, दोघींना या गोष्टीची मनापासून कळकळ आहे. मध्ये मध्ये मी बोलणार आहे, कारण माझीही यात एक बाजू आहे.

मुक्ता : आत्या, सर्व्हर आमचा, त्यातली चिप आम्ही विकत घेतलेली. सीपीयूइन्फो फाइल उघडली की चिपला काय काय येतं त्याची लांबलचक यादी समोर येते. त्यातलं एखादं वापरायला कर्नलची परवानगी कशाला? बेरीज-वजाबाकी करताना तर मी कुणाला विचारत नाही.

आत्या : बेरजेची रजिस्टरं कर्नल तुझ्यासाठी जपून ठेवतो, म्हणून तुला विचारावं लागत नाही. एकाच कोअरवर सतत एक प्रोग्राम थांबवून दुसरा आणला जातो. थांबवताना तुझी सगळी रजिस्टरं जशीच्या तशी मेमरीत लिहून ठेवायची आणि तुझी पाळी आली की पुन्हा भरून द्यायची, हे कर्नलचं काम. समज, चिपमध्ये नवीन रजिस्टर आलं आणि कर्नलला ते ठाऊकच नाही. तुझा आकडा दुसऱ्याच्या हाती जाईल आणि त्याचा तुझ्या. म्हणून चिप बनवणारेच एक बिट ठेवतात. कर्नलने तो चालू केला तरच त्या इन्स्ट्रक्शन चालतात. नाहीतर प्रोग्राम तिथल्या तिथे मरतो.

मुक्ता : हे एव्हीएक्ससारख्या मोठाल्या रजिस्टरांना लागू आहे, मान्य. पण एफएसजीएसबेस नावाच्या ज्या चार इन्स्ट्रक्शनबद्दल मी भांडते आहे, त्यांत नवीन रजिस्टर एकही नाही. एफएस आणि जीएस पूर्वीपासून आहेत आणि कर्नल ती पूर्वीपासून सांभाळतो. प्रत्येक थ्रेडचा स्वतःपुरता डेटा असतो. तो मेमरीत कुठून सुरू होतो, तो पत्ता एफएसमध्ये असतो. आमचा डेटाबेस कर्नलला मध्ये न घेता आतल्या आत हजारो छोटे थ्रेड चालवतो. एकावरून दुसऱ्यावर जाताना हा पत्ता बदलावा लागतो. जुन्या पद्धतीत एवढ्यासाठी दर वेळी सिस्टिम कॉल. चिप म्हणते, एका इन्स्ट्रक्शनमध्ये करून देते. आणि कर्नल म्हणतो, थांबा.

आत्या : एफएसपुरतीच गोष्ट असती तर कुणी फार अडवलं नसतं. खरी गोम जीएसमध्ये आहे. आणि बिट एकच आहे, सीआर-4 या कंट्रोल रजिस्टरमध्ये. तो चालू केला की चारही इन्स्ट्रक्शन त्या कोअरवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मोकळ्या होतात. तुझ्या डेटाबेसला देऊ आणि शेजारच्या अनोळखी प्रोग्रामला नको, अशी सोयच त्या बिटात नाही.

मुक्ता : जीएसचं एवढं काय आहे?

आत्या : कर्नल स्वतः जीएसवर जगतो. प्रत्येक कोअरसाठी कर्नलचा एक स्वतंत्र डेटा असतो : आत्ता कुठला प्रोग्राम चालू आहे, त्याचा कर्नलमधला स्टॅक कुठे आहे, असं सगळं. त्याचा पत्ता जीएसमध्ये. प्रोग्राम चालू असतो तेव्हा जीएसमध्ये प्रोग्रामचा पत्ता असतो आणि कर्नलचा पत्ता एका बाजूच्या रजिस्टरमध्ये ठेवलेला असतो. आत शिरताक्षणी कर्नल स्वॅपजीएस ही इन्स्ट्रक्शन चालवून दोन्हींची अदलाबदल करतो. ती एकदाच व्हायला हवी. दोनदा झाली किंवा राहून गेली, तर कर्नल स्वतःचा म्हणून भलत्याचाच डेटा वाचायला लागतो.

मुक्ता : मग एकदाच करा. सिस्टिम कॉल आला म्हणजे प्रोग्रामकडूनच आला ना?

आत्या : सिस्टिम कॉलचं तसं असतं. नेहमीच्या इंटरप्टचंही, कारण आधी कोण चालू होतं त्याची नोंद चिप स्टॅकवर करून ठेवते. पण एनएमआय नावाचा इंटरप्ट असतो, तो कुणालाच रोखता येत नाही. हार्डवेअरच्या बिघाडाची सूचना देणारं मशीन चेकही तसंच. समज, सिस्टिम कॉल आला, कर्नलने आत पाऊल टाकलं आणि स्वॅपजीएस चालायच्या आत एनएमआय येऊन आदळला. स्टॅकवर नोंद काय? कर्नल चालू होता. जीएस कुणाचा? अजून प्रोग्रामचाच. नोंदीवर विसंबलीस तर फसलीस.

इथे मी थोडा थांबतो, कारण सगळा वाद या एका फटीत आहे. दोन-चार इन्स्ट्रक्शनएवढी ही फट. कर्नलने त्यावर जुना तोडगा काढला होता : नोंदीवर न विसंबता जीएसमधला पत्ताच वाचायचा. 64 बिटच्या एक्स86 वर कर्नलचे पत्ते मेमरीच्या वरच्या अर्ध्या भागात असतात, प्रोग्रामचे खालच्या. त्यामुळे चिन्हासह वाचलं तर कर्नलचा पत्ता ऋण येतो आणि प्रोग्रामचा धन. ऋण असेल तर अदलाबदल झालेली आहे, धन असेल तर करायची आहे. कर्नलच्या कोडमध्ये या वाटेचं नावच ‘पॅरॅनॉइड एन्ट्री’ आहे. हा तोडगा वर्षानुवर्षं बिनधोक चालला. कारण प्रोग्रामला जीएस बदलायचा तर सिस्टिम कॉल करावा लागायचा, आणि वरच्या अर्ध्यातला पत्ता दिला तर कर्नल तो सरळ नाकारायचा.

नव्या इन्स्ट्रक्शनने ही नाकारायची जागाच गेली. वॉचमन गणवेश बघून आत सोडत होता आणि आता तो गणवेश कुणीही शिवून घेऊ शकत होतं. प्रोग्रामने आपल्या जीएसमध्ये हवा तो ऋण पत्ता भरायचा आणि फटीत इंटरप्ट येईल अशी वेळ साधायची. कर्नल त्या पत्त्यावरचा डेटा आपलाच समजून वापरणार, आणि मग सगळं यंत्र हल्लेखोराच्या हाती.

मुक्ता : हे मला पटलं, आणि मी ते हलक्यात घेत नाही. पण यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. चिन्ह बघायचंच कशाला? आधीचा पत्ता, तो कुणाचाही असो, वाचून बाजूला ठेवायचा. आपला पत्ता डोळे झाकून भरायचा. परत जाताना पहिला पत्ता होता तसा ठेवून द्यायचा.

आत्या : आपला पत्ता भरायचा, पण आपण कुठल्या कोअरवर आहोत हे कळणार कसं? ती माहिती जीएसमधूनच मिळते, आणि जीएसवर तर विश्वास उरलेला नाही.

मुक्ता : त्यावरही तोड निघालीच ना.

आत्या : निघाली, आणि फार सुंदर निघाली. प्रत्येक कोअरच्या सेगमेंट टेबलात एक खास नोंद असते. तिच्या लिमिटच्या जागी कोअरचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो. एलएसएल नावाची जुनी इन्स्ट्रक्शन ते लिमिट थेट रजिस्टरमध्ये आणून देते. जीएसला हात लावायला नको. क्रमांक मिळाला की त्यावरून कर्नलच्या डेटाचा पत्ता काढायचा आणि भरायचा. जुन्या काळच्या सेगमेंटेशनचे अवशेष चिपमध्ये राहिले होते, त्यांतला एक असा कामी आला. पण हे असेंब्लीमध्ये लिहायचं, प्रत्येक अपवादाच्या वाटेवर तपासायचं, डीबगरने बाहेरून रजिस्टरं बदलली तर काय होतं ते बघायचं. शिवाय 2019 च्या ऑगस्टमध्ये स्वॅपजीएसवरच स्पेक्टरच्या जातीचा हल्ला जाहीर झाला. त्याची कुंपणंही त्याच ओळींमध्ये घालायची. हे एका दुपारचं काम नव्हे.

मुक्ता : दुपारचं नव्हतं, पण आठ वर्षांचंही नव्हतं. इंटेलच्या अँडी क्लीन यांनी पॅच कितीतरी आधी मांडले होते. त्यावर चर्चा व्हायची, सुधारणा सुचवल्या जायच्या, मग सामसूम. पुन्हा कुणी दुसरं ते पॅच उचलायचं. 2019 मध्ये ते एकदाचे 5.3 च्या तयारीत शिरले आणि जुलैमध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते परत काढले.

आत्या : काढले, कारण त्यात चुका होत्या! कर्नलच्या स्वतःच्या चाचण्या नापास होत होत्या आणि पॅरॅनॉइड एन्ट्रीचा कोड सदोष होता. इंटेलसारख्या कंपनीकडून आलेला कोड. तो तसाच गेला असता तर तुझ्या डेटाबेसचे ग्राहकच उघडे पडले असते.

मुक्ता : बरोबर केलं त्यांनी. माझी तक्रार त्या जुलैबद्दल नाहीच. त्याच्या आधीच्या सात वर्षांबद्दल आहे. फ्रीबीएसडीने लिनक्सच्या आधी हे देऊन दाखवलं. शेवटी 2020 मध्ये लिनक्सचं काम मार्गी लागलं ते मायक्रोसॉफ्टमधल्या साशा लेव्हिन यांनी पॅच पुन्हा हातात घेतले तेव्हा. चिप इंटेलची, आणि तिचं वैशिष्ट्य कर्नलमध्ये नेऊन सोडणारा माणूस दुसऱ्याच कंपनीचा!

या मुद्द्यावर मी मुक्ताच्या बाजूने आहे, तेही पूर्णपणे. कर्नलची बाजू मांडणारे लोक या आठ वर्षांना सरसकट सावधगिरी म्हणतात, ते मला मान्य नाही. सावधगिरी म्हणजे कुणीतरी बसून तपासतं आहे. इथे मधली कितीतरी वर्षं कुणी काही तपासत नव्हतं. पहिला मसुदा लिहायला माणूस मिळतो, त्यात नाव असतं. पाचव्या फेरीत एका मेंटेनरने काढलेल्या खुसपटाचं निरसन करायला, चाचणी लिहायला, डीबगरचं वागणं तपासायला माणूस मिळत नाही. चिप विकणाऱ्या कंपनीने हे शेवटचं काम चिपच्या किमतीत धरायला हवं. ते कर्नलच्या मेंटेनरांवर सोडून देऊन वर त्यांनाच हळू म्हणायचं, हे योग्य नाही.

आणि या दिरंगाईची किंमत थोडा वेग गमावण्यापुरती राहिली नाही.

मुक्ता : तेच सांगत होते. इंटेलचं एसजीएक्स आलं. मेमरीतला एक कप्पा कर्नलपासूनसुद्धा लपवायचं तंत्र. त्याच्या आत प्रोग्राम चालवणाऱ्यांना या इन्स्ट्रक्शनची गरज होती. कर्नल देत नाही म्हटल्यावर काही प्रकल्पांनी स्वतःचं मॉड्यूल लिहिलं आणि त्यातून सीआर-4 मधला तो बिट परस्पर चालू केला. पॅरॅनॉइड एन्ट्री जुनीच! म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या मॉड्यूलने त्या यंत्रावरच्या कुठल्याही प्रोग्रामला रूट होण्याची वाट करून दिली.

आत्या : आणि याचा दोष तू कर्नलला देणार?

मुक्ता : अर्धा. दार इतकी वर्षं बंद ठेवलंत तर लोक भिंतीला भोक पाडतात. ते चूक करतात, पण तुम्ही त्यांना तिथवर ढकललेलं असतं.

आत्या : मी नाही मानत. ते भोक पाडणाऱ्यांना कर्नलची ही वाट वाचता येत होती, कोड उघडा आहे. त्यांनी फक्त एवढंच बघितलं की बिट चालू केला की आपला प्रोग्राम पळतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, मुक्ता. बिट चालू करणं एका ओळीचं काम. त्यांनी ती ओळ लिहिली आणि आपल्याला पाठबळ मिळालं असं धरून चालले. पुढे 2020 मध्येच कर्नलने तो बिट खिळवून टाकला. बूट झाल्यावर तो कुणी बदलला तर कर्नल तो पुन्हा होता तसा करतो आणि बोंब ठोकतो.

मुक्ता : ठीक आहे. मग पीसीआयडीचं काय म्हणशील? ते तर सुरक्षेच्याच बाजूचं होतं.

आत्या : तिथे माझ्याकडे उत्तर नाही. बोल तू.

मुक्ता : पत्त्यांचं भाषांतर चिप टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवते. एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर गेलं की हा साठा पुसावा लागायचा. पीसीआयडीमुळे प्रत्येक नोंदीवर ती कुणाची याची खूण राहते, मग पुसायची गरज उरत नाही. इंटेलने हे 2010 मध्ये वेस्टमियर पिढीत दिलं. लिनक्सने वापरायला घेतलं 2017 च्या नोव्हेंबरात, 4.14 मध्ये, अँडी लुटोमिर्स्की यांनी. आणि 3 जानेवारी 2018 ला मेल्टडाउन नावाची चिपमधली सुरक्षेची उणीव जाहीर झाली. त्यावरचा इलाज म्हणजे कर्नलची आणि प्रोग्रामची पेज टेबलं वेगळी करायची, आणि प्रत्येक सिस्टिम कॉलला आत जाताना, बाहेर येताना ती बदलायची. पीसीआयडी नसतं तर दर वेळी टीएलबी पुसला गेला असता. जगभरचे सर्व्हर आणखी किती मंदावले असते, विचार कर. सात वर्षं निजलेली गोष्ट, नेमकी गरज पडायच्या दोन महिने आधी जागी झाली.

आत्या : खरं आहे. चिपमध्ये जे आहे त्याचा उपयोग आज दिसत नाही म्हणून ते बाजूला ठेवणं, हे आमच्या पिढीचं चुकलं. पण उलट बाजूही ऐकून घे. टीएसएक्स आठवतं?

मुक्ता : न आठवून कसं चालेल! डेटाबेसवाल्यांचं ते स्वप्न होतं. लॉक न लावता मेमरीतल्या अनेक जागा एकदम बदलायच्या, आणि मध्ये कुणी आलं तर सगळं आपोआप मागे.

आत्या : 2013 मध्ये हॅसवेलमध्ये आलं. 2014 च्या ऑगस्टमध्ये चिपमध्येच चूक सापडली आणि इंटेलने मायक्रोकोडने ते बंद करायला लावलं. पुढच्या पिढ्यांत पुन्हा आलं, तर 2019 च्या नोव्हेंबरात त्यातून डेटा गळतो हे उघड झालं. मग लिनक्सने ज्या चिपांवर बंद करता येतं तिथे ते मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. चिप कंपनीने शब्द फिरवला की तो निस्तरायचा कुणी? तुझ्या सर्व्हरवर ती इन्स्ट्रक्शन सकाळी आहे आणि अपडेटनंतर संध्याकाळी नाही, तरी प्रोग्राम मरता कामा नये. यादीतून ते नाव वेळेवर काढून टाकणं, हेही पाठबळच असतं. तू त्या यादीकडे चिपची यादी म्हणून बघतेस. ती कर्नलने जबाबदारी घेतलेल्या गोष्टींची यादी आहे.

आत्याचं हे वाक्य मला या संपूर्ण संवादात सर्वांत मोलाचं वाटतं. एफएसजीएसबेसचा बिट खिळवणं आणि टीएसएक्सचं नाव खोडणं ही एकाच कामाची दोन रूपं आहेत. चिप म्हणते, मला हे येतं. कर्नल म्हणतो, हे तुम्ही वापरा, बिघडलं तर मी बघून घेईन. या दोन वाक्यांमधलं अंतर माणसाच्या श्रमाने भरून काढावं लागतं.

ते वेळेत भरून काढता येतं याचा पुरावाही आहे, आणि तो मुक्ताच्या मागणीला बळ देतो. एएमएक्स ही मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठीची सोय. तिची आठ रजिस्टरं प्रत्येकी एक किलोबाइटची, म्हणजे एका थ्रेडमागे आठ किलोबाइट. 64 बिटच्या चिपांमधली सुरुवातीची सोळा एसएसई रजिस्टरं मिळून 256 बाइटची होती. आठ किलोबाइट प्रत्येक थ्रेडला सरसकट देऊन टाकणं म्हणजे ज्याने जन्मात मॅट्रिक्स पाहिलं नाही अशा प्रोग्रामची मेमरीही वाया घालवणं.

आत्या : मेमरीपेक्षा मोठी भीती सिग्नलची होती. सिग्नल आला की कर्नल सगळी रजिस्टरं प्रोग्रामच्या स्टॅकवर उतरवतो. काही प्रोग्राम सिग्नलसाठी वेगळा छोटा स्टॅक ठेवतात. किमान किती ठेवायचा, तो आकडा हेडर फाइलमध्ये पूर्वीच गोठवलेला : 2048 बाइट. एव्हीएक्स-512 ची रजिस्टरंच तेवढी भरतात. म्हणजे ज्यांनी नियम पाळून 2048 ठेवले, त्यांचा स्टॅक नव्या चिपवर उतू जाऊन शेजारची मेमरी खराब होणार. प्रोग्रामची चूक नाही, चिपची नाही, पण नुकसान खरं. एव्हीएक्स-512 च्या वेळी ही गोष्ट नीट पाहिली गेली नाही. एएमएक्सच्या वेळी पाहिली.

मुक्ता : आणि बघ ना किती चांगलं जमलं! प्रोग्रामने आधी कर्नलला सांगायचं की मला एएमएक्स हवं. न सांगता वापरलं तर प्रोग्राम मरणार. सांगितलं तरी मोठी जागा लगेच दिली जात नाही. पहिल्यांदा वापरताना चिप अडते, कर्नलला हाक मारते, कर्नल तेव्हा जागा देतो. असं अडायची सोय चिपमध्येच मुद्दाम ठेवलेली. कर्नलमध्ये हे 5.16 मध्ये, 2022 च्या जानेवारीत आलं. चिप अधिकृतपणे आली 2023 च्या जानेवारीत. पाठबळ वर्षभर आधी तयार!

आत्या : कारण चिप बनवतानाच कर्नलच्या अडचणींचा विचार झाला. असं झालं की माझी काही तक्रार नसते.

मुक्ता : माझीही नसते. म्हणजे दोष कर्नलच्या स्वभावाचा नाहीच.

आत्या : आणि तुझ्या घाईचाही नाही, हे मी कबूल करते. पण एक गोष्ट तुझ्या हिशेबात कधीच येत नाही. आत घेतलेलं बाहेर काढायला किती काळ लागतो? 386 चं उदाहरण घे. 1991 मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतलं ते 386 वरच. त्या चिपमध्ये एक उणीव होती. पान केवळ वाचण्यासाठी आहे अशी खूण केली, तरी खुद्द कर्नल त्यावर लिहायला गेला तर चिप त्याला अडवायची नाही. 486 मध्ये ती उणीव भरून निघाली. पण एका चिपसाठी घातलेल्या पळवाटा कर्नलच्या कोडमध्ये पुढची वीस वर्षं राहिल्या. कुणीही त्या भागात काही बदललं की 386 वर काय होईल हा प्रश्न. 2012 च्या डिसेंबरात इंगो मोलनार यांनी पुढे पाठवलेल्या पॅचनी तो कोड निघाला, तेव्हा कुठे सुटका. 2025 मध्ये त्यांनीच 486 आणि सुरुवातीच्या पेंटियमच्या काळातल्या काही चिपांनाही निरोप द्यायचा प्रस्ताव मांडला. इटेनियम चिपांचं पाठबळ 6.7 मध्ये गेलं. तू एक वैशिष्ट्य मागतेस तेव्हा पुढच्या वीस वर्षांच्या मेंटेनरांचा वेळ मागतेस.

मुक्ता : मग मागते, उघड मागते. आणि त्यातला वाटा आमच्या कंपनीने उचलावा हेही मागते. वीस वर्षं सांभाळायचं आहे म्हणून पहिली आठ वर्षं द्यायचंच नाही, हा न्याय मात्र मला मान्य नाही. आता फ्रेडचं काय होणार सांग.

फ्रेड ही इंटेलने आखलेली, कर्नलमध्ये शिरायची नवी पद्धत. आधी कोण चालू होतं ते चिप स्वतः ओळखते, आणि प्रोग्रामकडून आत येताना जीएसची अदलाबदलही चिपच करते. मघाची ती फटच नाहीशी होते. लिनक्सच्या 6.9 मध्ये, 2024 च्या मे महिन्यात, त्याचं पाठबळ आलं. तेव्हा ही सोय असलेली चिप बाजारात नव्हती. हीसुद्धा वेळेआधी झालेली तयारी, आणि ती पाहून मला मनापासून बरं वाटलं.

आत्या : फ्रेड चांगलं आहे. पण आयव्ही ब्रिजपासूनच्या सगळ्या चिप अजून चालू आहेत. म्हणून जुनी पॅरॅनॉइड एन्ट्री राहणार, एलएसएलची युक्ती राहणार, स्पेक्टरची कुंपणं राहणार आणि शेजारी फ्रेडची वाट. एकाच दाराच्या दोन वाटा, दोन्ही तपासायच्या. नवीन मुलं फ्रेडवर शिकतील. जुन्या वाटेवर चूक झाली तर ती ओळखणारे कमी होत जातील. मला काळजी त्याची आहे.

मुक्ता : त्या वाटेच्या चाचण्या कुठे असतात?

आत्या : कर्नलच्या कोडमध्येच, सेल्फटेस्टच्या फोल्डरमध्ये एक्स86 चं वेगळं फोल्डर आहे. एफएसजीएसबेस नावाचीच चाचणी आहे त्यात. 2019 चे पॅच अडले ते अशाच चाचण्यांवर. आधी ती वाच, मग चालव. आणि डीबगर प्रोग्रामची रजिस्टरं बाहेरून बदलतो तो भाग जास्त लक्ष देऊन वाच, तिथे लोक घसरतात.

मुक्ता : आमच्याकडे जुने सर्व्हर पडून आहेत, आयव्ही ब्रिजच्या काळातले. दर नव्या कर्नलवर त्या चाचण्या चालवायला ते लावता येतील. साहेबांना विचारते.

आत्या : विचार. आणि निकाल नुसता बघून सोडून देऊ नकोस, एखादी चाचणी नापास झाली तर मेंटेनरांना कळव. कुठली चिप, कुठला मायक्रोकोड, कुठलं व्हर्जन, सगळं लिहून.